नकाशातले बाण आणि गावकूस

पालखेड आपल्याच जिल्ह्यातलं, वैजापूर तालुक्यातलं गाव. १७२८ च्या फेब्रुवारीत इथं बाजीरावानं निजामाला कोंडलं. इंग्रज सेनापती मॉन्टगोमरीनं १९६८ च्या युद्धेतिहासात त्याची वाहवा केली, आणि आपले लेखक अजून तीच पाठ थोपटून घेतात. त्यांचा नकाशा बघा: जालना, सिंदखेड, बऱ्हाणपूर, गुजरात. बाणच बाण. 'जालना-सिंदखेड लुटलं' एवढं एक वाक्य, की घोडा पुढं.

अरे, पण लुटलं म्हणजे काय? फौजेबरोबर रसदीचं ओझं नाही, म्हणून तर ती वेगवान. मग हजारो घोड्यांची वैरण आली कुठून? कुणाच्या तरी कडब्याच्या गंजीतून, पेवातल्या ज्वारीतून. पेव रिकामं झालं की महाराला बलुतं कुठलं? लष्कराचा लाकूडफाटा वाहायला मात्र वेठीला पहिला तोच.

बंगाली कवी गंगाराम. नागपूरकर भोसल्यांचे बारगीर तिकडं घुसले, त्यावर त्यानं 'महाराष्ट्र पुराण' लिहिलं. पोथीवर साल १७५१. पळणाऱ्यांच्या हातात काय होतं ते तो सांगतो: पंडिताच्या पोथ्या, सोनाराचा तराजू, कोळ्याचं जाळं. हे सगळं लोकांच्या पापाचं फळ, असंही म्हणतो. तिथं तो भटाळलाच. तरी मॉन्टगोमरीपेक्षा मी त्याला मोठा मानतो. त्याला माणसं दिसली.

आणि आपण? आपल्या पोरांच्या कवितेतही घोडा-तलवार फार झाली. कोरेगावचा स्तंभ मलाही प्यारा आहे. पण जालन्याच्या महारवाड्यातनं म्हातारी काय घेऊन पळाली, ती कविता आपल्याकडं अजून कुणी पाठवलेली नाही.