चौकटची राणी आणि रेमंडची आई

खुनाच्या गोष्टी मुलांना वर्गात सांगू नयेत असा आमच्या शाळेचा दंडक आहे. दिवाळी अंकाला तो लागू नसावा. मे महिन्याच्या सुटीत 'द मांचुरियन कँडिडेट' हा १९६२ सालचा अमेरिकन बोलपट पाहिला आणि तेव्हापासून पेशन्सचा डाव मांडायला हात धजत नाही.

कथा थोडक्यात अशी. १९५२ साली कोरियाच्या युद्धात एक अमेरिकन तुकडी शत्रूच्या हाती लागते. मांचुरियात तिच्या मेंदूची धुलाई होते. सार्जंट रेमंड शॉ वीर म्हणून घरी परततो. पण पत्त्यांत चौकटची राणी दिसली की तो सांगाल त्याचा जीव घेणारे यंत्र बनतो. गंमत अशी की हा गृहस्थ कुणालाच आवडत नसे. तरीही त्याच्याविषयी विचारताच सोबती एकच स्तुतिवाक्य, त्याच शब्दांत म्हणून दाखवतात. इन्स्पेक्टरसाहेब येणार म्हणून वर्गाकडून उत्तरे घोकून घेतलेल्या मास्तराला ते ऐकताना चोरट्यासारखे वाटते.

दिग्दर्शक जॉन फ्रँकनहायमरची खरी करामत त्या धुलाईच्या प्रसंगात. सैनिकांना वाटते, आपण एका हॉटेलात बागकाम-मंडळातल्या बायकांचे हायड्रेंजियावरील व्याख्यान ऐकत आहोत. कॅमेरा संथपणे वर्तुळ घेतो आणि परत येतो तो त्या बायकांच्या जागी चिनी आणि रशियन अधिकारी! नीग्रो सैनिकाच्या स्वप्नात त्याच बायका काळ्या वर्णाच्या दिसतात. एवढा बारकावा किती कादंबरीकारांना सुचला असता? मला तरी नाही.

हेरकथा म्हणून मात्र ठिगळे फार. फ्रँक सिनात्राच्या मेजर मार्कोला आगगाडीत एक अनोळखी बाई भेटते आणि कारण नसता त्याच्या प्रेमात पडते. जॅनेट लीसारख्या नटीला एवढेच काम! रेमंडची प्रेयसी वेषांतराच्या मेजवानीला नेमकी चौकटची राणी बनून येते. असला योगायोग मी लिहिला असता तर संपादकांनी हस्तलिखित साभार परत केले असते. उलट सिनात्राचा एक चेहरा कॅमेऱ्याच्या चुकीने पुसट आला, त्याला लोकांनी कला म्हणून वाखाणले.

पण रेमंडची आई पडद्यावर आली की हे सारे विसरायला होते. नवरा सिनेटर, तद्दन भोपळा. सरकारात कम्युनिस्ट किती, हा आकडा तो रोज बदलतो. शेवटी केचपच्या बाटलीवरचा ५७ कायम होतो. मॅकार्थीच्या अमेरिकेला तो ओळखता आला असेल. सूत्रे सगळी या बाईच्या हाती. अँजेला लॅन्सबरी तेव्हा सदतिशीच्या आतबाहेर, आणि तिचा मुलगा झालेला लॉरेन्स हार्वी तिच्याहून जेमतेम तीन वर्षांनी लहान! पण तो समोर उभा राहिला की शाळकरी पोर वाटतो.

शेवट फोडत नाही. एक प्रसंग मात्र सांगतोच. तिने मारेकरी मागितलेला असतो आणि त्यांनी धाडलेला असतो तिचाच मुलगा. बाई संतापते, सूड घेण्याची शपथ वाहते. कट मात्र रद्द करत नाही. भारलेल्या रेमंडला कुणाला मारायचे ते बारकाईने समजावते, त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरते आणि चुंबन घेते. त्या क्षणी तिचे प्रेम खोटे म्हणवत नाही. सुटी संपली, शाळा सुरू झाली, तरी ते दोन हात माझ्या डोळ्यांपुढून हलत नाहीत.