न लिहिलेल्या ओळीचा अर्थ

‘दीक्षा’ हा मंच आपल्यापैकी बहुतेकांनी वापरलेला आहे. पाठ्यपुस्तकातील चौकोनी क्यूआर कोड मोबाइलसमोर धरून त्यावरील पाठ उघडणे असो, किंवा ‘निष्ठा’ प्रशिक्षणाचे अभ्यासक्रम पूर्ण करणे असो, मुलुंडच्या शिक्षकाला तो जितका परिचित तितकाच गडचिरोलीच्या शिक्षकालाही. हा मंच 2017 साली शिक्षकदिनी सुरू झाला. जानेवारी 2023 मध्ये ‘वायर्ड’ या नियतकालिकाने असे दाखवून दिले की, दीक्षाचे एक माहिती-भांडार वर्षाहून अधिक काळ कोणालाही वाचता येईल अशा अवस्थेत होते. त्यात 10 लाखांहून अधिक शिक्षकांची पूर्ण नावे, फोन क्रमांक आणि ई-मेल पत्ते होते, तसेच सुमारे 6 लाख विद्यार्थ्यांविषयीची माहिती होती. हे भांडार मायक्रोसॉफ्टच्या ‘ॲझुर’ या क्लाउड सेवेवर होते.

या प्रकरणात कोणी कुलूप फोडले नव्हते. भांडारावर कुलूपच नव्हते. कार्यक्रम लिहिणाऱ्याची आज्ञावली बरोबर असू शकते, पाठ उत्तम असू शकतात, आणि तरीही भांडार उघडे राहू शकते, कारण ते उघडे की बंद हे आज्ञावली ठरवीत नाही. ते सेटिंग ठरवते. या सेटिंगच्या लिखाणाविषयी, म्हणजे ज्याला आज ‘इन्फ्रास्ट्रक्चर ॲज कोड’ असे म्हटले जाते त्या पद्धतीविषयी, आम्ही येथे लिहीत आहोत. तिची स्तुती पुष्कळ झाली आहे आणि ती बरीचशी खरीही आहे. पण तिचे परीक्षण सहसा तिच्या वापरकर्त्यांपुरते राहते. ज्यांची नावे त्या भांडारात असतात त्यांच्यापर्यंत ते पोहोचत नाही.

प्रथम पद्धत समजून घेऊ. क्लाउड म्हणजे ढग नव्हे; त्या मोठमोठ्या इमारती आहेत. अंधेरी पूर्वेला चांदिवलीच्या भागात किंवा खाडीपलीकडे ऐरोलीला अशा इमारती आहेत. आत संगणकांच्या रांगा, बाहेर डिझेल जनित्रे. ॲमेझॉन वेब सर्व्हिसेसने आपला मुंबई विभाग जून 2016 मध्ये सुरू केला. मायक्रोसॉफ्टचा त्याच्या आधी 2015 मध्ये, आणि गुगलचा 2017 मध्ये आला. शहर एकच असले तरी लिखाणात ॲमेझॉन त्याला ‘एपी-साउथ-1’ म्हणते, मायक्रोसॉफ्ट ‘वेस्ट-इंडिया’ आणि गुगल ‘एशिया-साउथ-1’. या तीन नावांचा उपयोग आपल्याला पुढे होईल.

या इमारतींतील एखादा संगणक, साठवणीचे भांडार किंवा जाळे भाड्याने घ्यायचे तर पूर्वी पडद्यावरील बटणे एकामागून एक दाबावी लागत. कोणी, केव्हा, कोणते बटण दाबले याची वही कोणी ठेवीत नसे. याउलट, हवे ते सर्व एका मजकूर-फाइलीत लिहावे आणि ती यंत्राला द्यावी, ही नवी पद्धत. ॲमेझॉनचे ‘क्लाउडफॉर्मेशन’ 2011 मध्ये आले, हॅशीकॉर्पचे ‘टेराफॉर्म’ 2014 मध्ये. पण मूळ कल्पना त्याहून जुनी, 1993 सालची आहे, आणि ती एका भौतिकशास्त्रज्ञाची आहे याचे आम्हाला विशेष वाटते. ऑस्लो विद्यापीठात काम करणाऱ्या मार्क बर्गेस यांनी ‘सीएफइंजिन’ हा कार्यक्रम लिहिला. त्यांचे म्हणणे असे की, संगणकाला पावले सांगू नका, शेवटची स्थिती सांगा. संगणक कोणत्याही अवस्थेत असो, कार्यक्रम कितीही वेळा चालवा, तो त्याच स्थितीला येऊन स्थिरावला पाहिजे. वाटीच्या कडेवरून कोठूनही सोडलेली गोटी शेवटी तळाशीच येते, तसे हे आहे.

शाळेतील उदाहरण द्यायचे तर वेळापत्रकाचे देता येईल. ‘सोमवारी तिसरा तास, नववी ब, विज्ञान’ एवढेच त्यात लिहिलेले असते. शिक्षकाने कोणत्या जिन्याने जावे हे त्यात नसते. मुख्याध्यापकांच्या खोलीतील एका कागदावरून सबंध शाळा कशी चालावी हे कळते, तो कागद दोघांनी तपासता येतो, गेल्या वर्षीचा शेजारी ठेवून फरक पाहता येतो. लिखित यंत्रसामग्रीचे गुण नेमके हेच आहेत. मजकूर असल्यामुळे कोणी कोणती ओळ कधी बदलली याचा इतिहास राहतो. वैज्ञानिकाला यात प्रयोगवहीची शिस्त दिसते, आणि ज्या कामात ती वर्षानुवर्षे नव्हती तेथे ती आणल्याचे श्रेय या पद्धतीला दिलेच पाहिजे.

वेळापत्रकाची उणीवही आपल्याला ठाऊक आहे. एक शिक्षक रजेवर गेले, त्यांच्या तासाला दुसरे गेले, तो बदल तोंडी झाला. पुढे तो महिनाभर टिकला आणि भिंतीवरचा कागद खोटा झाला. क्लाउडच्या बाबतीतही असेच घडते. रात्री दोन वाजता काही बिघडले की कोणीतरी फाइल बाजूला ठेवून थेट बटण दाबतो. मग लिखाण एक सांगते आणि यंत्र दुसरेच करते. टेराफॉर्मला असा फरक शोधता येतो, पण कोणी शोधायला सांगितले तर, आणि त्या फाइलीत ज्या गोष्टीचा उल्लेख आहे तेवढ्यापुरताच. हाताने उभे केलेले नवे भांडार, ज्याचा फाइलीत मागमूसच नाही, त्याला दिसत नाही.

हा दोष सर्वांना मान्य आहे, म्हणून त्यावर फार रेंगाळत नाही. आमचा मुख्य आक्षेप वेगळा आहे. लिहिलेली ओळ सर्वजण वाचतात, पण न लिहिलेल्या ओळीलाही अर्थ असतो आणि तो अर्थ सेवा देणारी कंपनी ठरवते.

ॲझुरमध्ये साठवणीच्या खात्याचे वर्णन लिहिताना ‘सार्वजनिक वाचनास परवानगी’ अशी एक ओळ असते. ती लिहिलीच नाही तर काय समजायचे? कित्येक वर्षे तिचा अर्थ ‘परवानगी आहे’ असा होता. खात्यातील एकेक कप्पा मुळात बंदच असे. पण खात्याचा अडसर काढलेला असल्याने, पुढे कोणीही कप्प्यापुरते एक सेटिंग बदलले की तो जगाला खुला होई. ॲमेझॉननेही नव्या भांडारांना असा अडसर आपोआप लावण्यास एप्रिल 2023 मध्ये सुरुवात केली. म्हणजे त्याआधी लिहिलेले अनेक नमुने, जे पुस्तकांतून व पाठांतून उतरवले गेले, ते छोटे आणि सुबक दिसत ते धोक्याच्या ओळी गाळलेल्या असल्यामुळेच. तपासणारा माणूस फाइल वाचतो आणि त्यात काहीच चूक दिसत नाही, कारण चूक तिथे लिहिलेलीच नाही. प्रयोगवहीत तापमान लिहायचे राहिले तर आपण विद्यार्थ्याला विचारतो. येथे मात्र यंत्र विचारीत नाही. ते स्वतःच एक तापमान गृहीत धरून प्रयोग उरकते.

आता सेटिंगमधील बदल चालू कार्यक्रमापर्यंत पोहोचवण्याचे उदाहरण पाहू. ॲमेझॉनची ‘ॲपकॉन्फिग’ ही सेवा नोव्हेंबर 2019 मध्ये आली. क्लाउडफॉर्मेशनच्या फाइलीत तिचे घटक एकेक करून लिहावे लागतात: कार्यक्रमाचे नाव, तो चालतो ते वातावरण (चाचणीचे की खरे), सेटिंगचा ठेवा, त्याची आवृत्ती, वाटपाची रीत आणि प्रत्यक्ष वाटप. वाटपाची रीत ही यातील सर्वांत विचारपूर्वक केलेली गोष्ट आहे. एका तयार रीतीत दर 6 मिनिटांना 20 टक्के संगणकांना नवी सेटिंग दिली जाते. अर्ध्या तासात ती सर्वांपर्यंत पोहोचते आणि पुढचा अर्धा तास केवळ वाट पाहिली जाते. या काळात धोक्याची घंटा वाजली तर जुनी सेटिंग आपोआप परत येते. लसीची मात्रा प्रथम थोड्यांना देऊन पाहण्यासारखेच हे आहे. सेटिंग वाटण्यापूर्वी तिची तपासणी करणारा ‘व्हॅलिडेटर’ही जोडता येतो.

पण घंटा कोणती हे ज्या ओळीत लिहायचे ती ओळ ऐच्छिक आहे. व्हॅलिडेटरची ओळही ऐच्छिक आहे. दोन्ही गाळल्या तरी फाइल स्वीकारली जाते आणि वाटप पूर्ण होते. तो अर्ध्या तासाचा थांबाही पाळला जातो, फक्त त्या वेळात कोणी काही पाहत नसते. रुग्णाला शस्त्रक्रियेनंतर निरीक्षणाखाली ठेवावे आणि खोलीत परिचारिका नसावी, तसेच हे झाले. ज्या साधनाचा सारा डौल सावधपणाचा आहे, त्यात सावधपणा ऐच्छिक असणे आम्हाला समर्थनीय वाटत नाही.

ही शंका पुस्तकी नाही, हे 19 जुलै 2024 रोजी अंधेरीच्या विमानतळावर अडकलेल्या प्रवाशांना सांगावे लागणार नाही. त्या दिवशी देशभर विमान कंपन्यांचे संगणक कोलमडले, नोंदणी हाताने करावी लागली आणि काही ठिकाणी बोर्डिंग पास पेनाने लिहून दिले गेले. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीने भारतीय वेळेनुसार सकाळी 9 वाजून 39 मिनिटांनी एक फाइल जगभर पाठवली होती आणि 78 मिनिटांनी ती मागे घेतली. तेवढ्यात मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार 85 लाख संगणक बंद पडले होते. ती फाइल नवी आज्ञावली नव्हती, केवळ सेटिंगची माहिती होती. कंपनीने नंतर स्वतःच प्रसिद्ध केलेल्या विश्लेषणात कारण दिले आहे: मजकुराच्या साच्यात 21 रकाने अपेक्षित होते आणि संगणकावरील कार्यक्रम 20 च पुरवीत होता. विसाव्याच्या पुढे तो वाचायला गेला आणि कोसळला. व्हॅलिडेटर होता, पण त्यातच दोष होता. आणि फाइल टप्प्याटप्प्याने न जाता सर्वांना एकदम गेली. टप्पे त्यानंतर आले.

या घटनेला ‘लिखित यंत्रसामग्रीचा पराभव’ म्हणणे अर्थात चुकीचे होईल, कारण तेथे साधन वेगळे होते. आम्ही ती सांगतो ती ‘सेटिंग म्हणजे किरकोळ बाब’ हा समज खोडण्यासाठी.

लिखाणाच्या भाषेबद्दलही थोडे सांगायला हवे. या फाइली बहुधा ‘यामल’ नावाच्या लिपीत असतात. ती माणसाला वाचायला सोपी म्हणून नावाजली जाते. तिच्या 1.1 या आवृत्तीत अवतरणचिन्हाशिवाय 022 लिहिले, म्हणजे मुंबईचा एसटीडी कोड, तर शून्याने सुरू होणारा अंक अष्टमान पद्धतीचा समजला जातो आणि त्याचे 18 होतात. नववीच्या मुलांना संख्यापद्धती शिकवताना हे उदाहरण जरूर द्यावे.

आणखी एक दावा नेहमी ऐकू येतो की, सारे लिहून ठेवले की एका कंपनीकडून दुसरीकडे सहज जाता येते. वर सांगितलेली एकाच मुंबईची तीन नावे येथे आठवावीत. टेराफॉर्मचे व्याकरण सर्वत्र सारखे असते, नामे मात्र प्रत्येक कंपनीची निराळी. ऑगस्ट 2023 मध्ये दीक्षासाठी ऑरॅकलच्या क्लाउडची निवड झाल्याचे जाहीर झाले. ऑरॅकलच्या भांडारात सार्वजनिक वाचनाची ओळ गाळली तर भांडार बंद राहते. म्हणजे एकाच मौनाचा अर्थ एका घरी ‘या’ असा होता आणि दुसऱ्या घरी ‘येऊ नका’ असा आहे. स्थलांतर करणाऱ्याला लिहिलेल्या ओळींचे भाषांतर करावे लागतेच. न लिहिलेल्यांचेही करावे लागते, आणि त्यांची यादी कोणाकडेच नसते.

दीक्षाच्या पायाशी असलेला ‘सनबर्ड’ हा संच मुक्त आहे, तो एकस्टेप फाउंडेशनने तयार करवला. त्याच्या उभारणीच्या फाइलीही कोणालाही वाचता येतात. ही कौतुकाची गोष्ट आहे. मात्र प्रत्येक संस्था आपापल्या खऱ्या किमती त्या फाइलींत न ठेवता वेगळ्या, खाजगी ठिकाणी ठेवते. परवलीचे शब्द तेथे असतात, तेव्हा ते योग्यच आहे. पण भांडार सार्वजनिक आहे की नाही, घंटा जोडली आहे की नाही, व्हॅलिडेटर आहे की नाही, ही गुपिते नव्हेत. सार्वजनिक पैशाने चालणाऱ्या मंचाने एवढ्या ओळी तरी स्पष्ट लिहून उघड्यावर ठेवाव्यात, गाळलेली प्रत्येक सुरक्षेची ओळ चूक मानणारी तपासणी बसवावी, आणि ज्यांचे फोन क्रमांक त्या भांडारात आहेत त्यांना ती वाचता यावी, अशी आमची सूचना आहे. अशी तपासणी करणारी साधने आज विनामूल्य मिळतात. शिक्षक संघटनांनी ही मागणी लेखी करायला हरकत नाही.

वर्गात हा विषय संगणकाविना शिकवता येतो. मुलांचे दोन गट करावेत. पहिल्याने साध्या लंबकाची मांडणी एका कागदावर लिहावी, दुसऱ्याने तोंडी काहीही न विचारता केवळ कागदावरून तो उभा करावा व 20 आंदोलनांचा वेळ मोजावा. ‘लांबी 1 मीटर’ असे बहुतेक लिहितील. ती गोळ्याच्या वरच्या टोकापर्यंत की मध्यापर्यंत, हे कितीजण लिहितात ते पाहावे, आणि दुसऱ्या गटाने काय गृहीत धरले तेही फळ्यावर नोंदवून घ्यावे.