छातीवरचा कॅमेरा

आमच्या दिघोरीत बर्फ म्हणजे गोळेवाल्याच्या गाडीवरचा. त्यामुळे स्कीइंगला जाताना कोणता फिल्म कॅमेरा न्यावा, यावर मी बोलणं जरा आगाऊपणाचंच. पण रोवणीच्या दिवसांत निसरड्या धुऱ्यावरून कॅमेरा गळ्यात लटकावून चाललं की एक कळतं: तोल गेला की हात आधी कॅमेऱ्याकडे जातो, आणि म्हणूनच माणूस बांधीत पडतो.

गेलन रॉवेलचं ‘माउंटन लाइट’ (१९८६) मी हाच चिखल मनात ठेवून वाचलं. रॉवेल अमेरिकन गिर्यारोहक. १९८० साली साथीदारांसह स्कीवरून काराकोरम पार केलेला. छायाचित्रकारानं काठावर उभं राहू नये, प्रवासात उतरावं, हा त्याचा आग्रह; म्हणून हलका ३५ मिमी कॅमेरा, मोजक्या लेन्स. ल्हासाच्या पोताला राजवाड्यावर इंद्रधनुष्य नेमकं टेकावं म्हणून १९८१ मध्ये तो विरळ हवेत धावत सुटला. जड कॅमेरा आणि तिपाई असती तर ते चित्र झालंच नसतं.

खटकतं ते पुढेच. ही धाप चित्रात कुठे आहे? त्याच्या बहुतेक चित्रांत क्षितिज सरळ, रंग तुडुंब, बर्फ शांत. धावणारा माणूस चित्रातून पुसला गेला आहे. १९५३ मध्ये हिलरीनं एव्हरेस्टवर घेतलेला तेनझिंगचा फोटो रंगानं याच्यापुढे फिका पडेल. पण फिल्म गारठू नये म्हणून कॅमेरा शर्टाच्या आत बाळगणाऱ्या माणसाचं शरीर त्या फोटोमागे जाणवतं.

म्हणून निवड लेन्सच्या धारेवर नको. ऑलिंपस एक्सए खिशात मावतो, पण त्याचं शटर बॅटरीवर चालतं आणि थंडीत बॅटरी मान टाकते. निकॉन एफएम२ जड, तरी बॅटरी मेली तर फक्त मीटर जातं, शटर चालूच राहतं. मी तोच घेईन, छातीशी पट्ट्यानं घट्ट बांधून. मीटरवर तसाही भरवसा नको: बर्फाला ते करडं करतं, आमच्या बांधीतल्या बगळ्यांनाही. दीड-दोन स्टॉप जास्त प्रकाश द्यावा लागतो. कोरड्या थंडीत फिल्म सावकाश पुढे सरकवायची, नाहीतर स्थिर विजेच्या ठिणग्यांचे डाग उमटतात. आणि हातमोजे घालून उतारावर रोल बदलता येत नाही. एका उताराला छत्तीसच फोटो. रॉवेलच्या देखण्या बर्फापेक्षा त्यातला एखादा तिरका, घाईचा फोटो मला जास्त पाहावासा वाटेल.