‘आसंजन’ आणि ‘पसरणे’ : कर्करोगविषयक मराठीतील दोन शब्द

मुखाच्या कर्करोगावरील मराठी शास्त्रीय लेखनात ‘पेशी-आसंजन प्रथिने’ ही संज्ञा आढळते, तर लोकभाषेत त्याच विषयासाठी ‘रोग पसरला’ एवढेच म्हटले जाते. या दोन्ही प्रयोगांचे परीक्षण करणे हा प्रस्तुत टिपणाचा हेतू होय.

‘आसंजन’ हा शब्द ‘सञ्ज्’ या धातूपासून साधला आहे. ‘संग’ आणि ‘आसक्ती’ हे त्याचेच सगोत्र. परंतु पदार्थविज्ञानात भिन्न पदार्थ परस्परांस धरून राहतात त्यास आसंजन, व समान कण धरून राहतात त्यास संसंजन म्हणतात. पेशींच्या बाबतीत हा विवेक सुटला आहे. ई-कॅडहेरिन हे प्रथिन शेजारच्या पेशीवरील आपल्याच जातीच्या प्रथिनास कॅल्शियमच्या साहाय्याने धरते. इंटिग्रिन मात्र पेशीला तिच्याखालील भिन्न द्रव्याशी बांधते. तेव्हा पहिले वस्तुतः संसंजन, दुसरे आसंजन. दोहोंस एकच नाव दिल्याने वाचकाच्या मनात खळीचे चित्र उभे राहते; प्रत्यक्षात ती हातात हात गुंफण्याची क्रिया आहे.

मुखाच्या कर्करोगात ई-कॅडहेरिन पुष्कळदा क्षीण होते, आणि मानेतील लसीकाग्रंथींत रोग उतरण्याशी या क्षीणतेचा संबंध आढळला आहे. तथापि ‘हात सुटला की रोग निघाला’ हे समीकरणही अपुरेच. कित्येकदा पेशी परस्परांस न सोडता समूहानेच शेजारच्या ऊतीत शिरतात.

‘पसरणे’ या क्रियापदाचा दोष याहून गंभीर आहे. तेल पसरते, वणवा पसरतो. त्यास मार्ग नसतो, मुक्काम नसतो, आणि धक्का लागताच ते वाढते. भाईंदर वा मीरा रोडहून उपनगरी गाडीने परळच्या टाटा रुग्णालयात जावे लागणार असे कळले, की ‘तुकडा काढला तर पसरेल’ हे वाक्य घरोघरी ऐकू येते, आणि तपासणी लांबणीवर पडते. वस्तुतः पेशींतील ही घडामोड तुकडा काढण्यापूर्वीच चाललेली असते. विलंबाने तिला अवधी मिळतो, इतकेच.

या रोगास मार्ग आहे, आणि तो बहुधा मानेतून जातो. टाटा रुग्णालयातील डॉ. अनिल डिक्रूझ व त्यांचे सहकारी यांनी २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, मानेत गाठ लागत नसलेल्या प्रारंभिक अवस्थेतील ५०० रुग्णांचा विचार केला आहे. मुखावरील शस्त्रक्रियेच्या वेळीच ज्यांच्या मानेतील ग्रंथी काढल्या, त्यांपैकी ८० टक्के तीन वर्षांनी हयात होते. गाठ दिसेपर्यंत ज्यांच्या बाबतीत थांबले, त्यांपैकी ६७.५ टक्के.

म्हणून शास्त्रीय लेखनात ‘संसंजन’ व ‘आसंजन’ हे पृथक् योजावेत, आणि रुग्णाशी बोलताना ‘पसरला’ऐवजी ‘मानेत उतरला’ किंवा ‘अद्याप उतरलेला नाही’ असे म्हणावे. कोठे, हे सांगणारे क्रियापद भय दूर करीलच असे नाही. परंतु ते रुग्णास वेळेवर गाडीत बसवू शकेल.