काय स्थिर धरलं, ते आधी सांगा

मागच्या व्याख्यानानंतर एका श्रोत्याने विचारलं होतं, की तत्त्वज्ञानाच्या माणसाने सत्तरी उलटल्यावर बहुचल कलन, म्हणजे मुलं ज्याला मल्टीव्हेरिएबल कॅल्क्युलस म्हणतात ते, कशाला शिकावं? आज त्यालाच हात घालू. यंदाच्या उन्हाळ्यात आम्ही एमआयटीचा या विषयाचा अख्खा अभ्यासक्रम पाहिला. प्रा. डेनी ओरू यांनी २००७ साली वर्गात दिलेली ३५ व्याख्यानं, फुकट आणि घरबसल्या. बाहेर नागपूरचा मे महिना, आत कूलरची घरघर. हाच विषय आम्ही पन्नासेक वर्षांपूर्वी बी.एस्सी.ला घेतला होता. पास झालो होतो, कळला नव्हता. तेव्हा आजचं बोलणं हे एका नव्हे, दोन अभ्यासक्रमांचं परीक्षण समजा.

ओरूंची पहिली खुबी ही, की ते सूत्राआधी चित्र काढतात. आमच्या वर्गात चित्र नव्हतंच. शिखर, तळ आणि या दोन्हींत न बसणारा तिसरा बिंदू यांची कसोटी आम्ही पाढ्यासारखी पाठ केली होती. तो तिसरा बिंदू पाहायला लांब जायला नको. सीताबर्डीचा किल्ला दोन टेकड्यांवर आहे, एक मोठी, एक लहान, आणि मधे सखल मान. १८१७ च्या नोव्हेंबरात भोसले आणि इंग्रजांची लढाई झाली ती याच टेकड्यांवर. मनाने त्या मानेवर उभे राहा. एका टेकडीवरून दुसरीवर जाणाऱ्याला ती वाटेतली सगळ्यात खालची जागा. आडव्या दिशेने चढून पलीकडे उतरणाऱ्याला तीच सगळ्यात वरची. दोघंही खरं बोलतात, आणि दोघांनाही जागेचा आकार कळलेला नाही. इंग्रजीने या बिंदूला घोड्याच्या खोगिराचं नाव दिलं. आपल्याकडे 'खिंड' हा शब्द तयारच होता की! तो वर्गात कुणी उच्चारला असता तर आमचं एक वर्ष वाचलं असतं.

आता मुख्य मुद्दा. या विषयात पहिल्या आठवड्यांतच एक वाक्य येतं: 'बाकीचे चल स्थिर धरून.' मग एकाच चलाला हलवायचं आणि काय बदलतं ते मोजायचं. हे आंशिक अवकलन, पोरांचं पार्शल डेरिव्हेटिव्ह. सोपं वाटतं, पण बाकीचे म्हणजे कोणते? १४ व्या व्याख्यानात ओरू एक त्रिकोण घेतात. दोन बाजू आणि त्यांच्यातला कोन दिला की क्षेत्रफळ निघतं. कोन जरासा वाढवला, तर क्षेत्रफळ किती वेगाने बदलेल? दोन्ही बाजू स्थिर धरल्या तर एक उत्तर. पण त्रिकोण काटकोनीच राहिला पाहिजे अशी अट घातली, तर दोन्ही बाजू स्थिर राहूच शकत नाहीत, एक हलणारच. कोनालगतची बाजू स्थिर ठेवली तर दुसरं उत्तर, कर्ण स्थिर ठेवला तर तिसरं. त्रिकोण तोच, प्रश्न शब्दशः तोच. म्हणजे काय स्थिर धरलं हे न सांगता विचारलेला प्रश्न अवघड नसतो, अपुरा असतो. तर्कशास्त्र शिकवताना आम्ही हे आयुष्यभर सांगत आलो, पण इतकं नेटकं उदाहरण आम्हाला कधी सुचलं नाही.

आणि गंमत बघा. आमच्याच कॉलेजात भौतिकीच्या तासाला हे रोज चालायचं. बंद डब्यातली हवा एक अंश तापवायला जेवढी उष्णता लागते, त्याच्या सुमारे १.४ पट उष्णता त्याच हवेला दाब स्थिर ठेवून तापवताना लागते, कारण ती फुगते आणि फुगण्याचं काम करते. म्हणून भौतिकीचे सर चिन्हाच्या पायाशी काय स्थिर ठेवलं ते लिहायला लावायचे. घंटा व्हायची, आम्ही शेजारच्या खोलीत गणिताला जायचो, आणि ते पायाशी लिहिलेलं अक्षर गायब! कुणालाच खटकलं नाही. आम्हालाही नाही.

याने बिघडतं काय? विदर्भाचा अनुशेष घ्या. १९८४ साली दांडेकर समितीने रस्ते, सिंचन, विद्युतीकरण, शिक्षण, आरोग्य असं एकेक क्षेत्र घेतलं, राज्याच्या सरासरीहून जिल्हा किती मागे ते मोजलं, तूट भरायचा खर्च काढला आणि बेरीज केली. सगळ्या राज्याचा आकडा सुमारे ३,१८६ कोटी रुपये आला. निधी वाटायला कुठून तरी सुरुवात हवी होती, तेव्हा दोष समितीला देऊ नका. चूक आपली, तो तक्ता वाचणाऱ्यांची. आपण प्रत्येक रकाना असा वाचला, की बाकीचे जागच्या जागी राहतील आणि हा भरला की तेवढं काम झालं. विहिरीत पाणी नसेल तर पंपाची वीज काय करणार? आणि पाणी आलं तर शेतकरी कापूसच घेत बसेल काय? तो संत्र्याकडे वळेल, मग त्याला रस्ता पूर्वीपेक्षा जास्त लागेल. रकाने एकमेकांना हलवतात. चाळीस वर्षं आपण सभांतून जो वाद घालतो, त्यातल्या अर्ध्या भाषणांत पायाशी लिहायचं अक्षर नाही.

आता ओरूंवरचा आक्षेप. हा एवढा मोलाचा धडा ३५ पैकी एका व्याख्यानात उरकला आहे. १६ व्यापासून दुहेरी समाकलन सुरू. शिवाय त्यांचा भर सिद्धतांवर नाही, आणि त्याची किंमत मोजावी लागते. आमच्या जुन्या अभ्यासक्रमात एक खोडसाळ फलन होतं: क्ष-वर्ग गुणिले य, भागिले क्ष-चतुर्घात अधिक य-वर्ग. आरंभबिंदूकडे कोणत्याही सरळ रेषेने या, किंमत शून्याकडे जाते. सगळ्या दिशा तपासल्या, झालं, असं वाटतं. पण य बरोबर क्ष-वर्ग या वक्राने या, किंमत एक-द्वितीयांशावर ठाम! आम्हाला ते पाच मार्कांसाठी शिकवलं, अर्थ कुणी सांगितला नाही. तरी शिकवलं होतं, हे मान्य केलं पाहिजे. अर्थ एका अभ्यासक्रमात आणि सावधपणा दुसऱ्यात अशी वाटणी झाली आहे. शिकणाऱ्याने दोन्ही घ्यावेत, निदान आमच्याइतका उशीर न करता.

ग्रीन, गाऊस आणि स्टोक्स यांचे सिद्धांत राहिले. ते पुढच्या महिन्यात. तोवर १४ वं व्याख्यान पाहून या, आणि त्रिकोण हाताने काढा, नुसता बघू नका.