एक तास पाच मिनिटे : एक रसग्रहण

विमानाच्या वेळापत्रकावर टीका लिहिण्याची प्रथा मराठीत नाही. कवितेवर लिहितात, कादंबरीवर लिहितात. पण जी ओळ वाचून माणसे मुकाट्याने पाकीट उघडतात, तिच्याकडे एकही समीक्षक ढुंकून बघत नाही. शेवटी हे काम बँकेतल्या कारकुनावर आले.

प्रस्तुत कलाकृती एका ओळीची आहे : 'पुणे सुटणार ९.३०, सिंधुदुर्ग पोचणार १०.३५.' ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस ही विमानसेवा सुरू झाली, तेव्हाची ही वेळ. शैली पाहा! विशेषण नाही, वर्णन नाही, आणि अख्खा सह्याद्री एका स्वल्पविरामात ओलांडला. लोहगाव आणि चिपी या दोन विमानतळांत सरळ रेघेने सुमारे २९० किलोमीटर अंतर. गाडीरस्त्याने तेच साडेतीनशेच्या पुढे जाते, वर घाट आहेच.

आता त्रैराशिक मांडू. पंख्याचे हे विमान तासाला ५०० किलोमीटरच्या आसपास जाते. म्हणजे पस्तीस मिनिटे पुरेत. मग उरलेला अर्धा तास गेला कुठे? आमच्या शाखेत एवढी तफावत निघती, तर रात्री नऊपर्यंत दिवे जळते. पण हिशेब चोख आहे हो. छापलेली वेळ नुसती हवेतली नसतेच. विमान जागचे हलल्यापासून पलीकडे जागेवर थांबेपर्यंतची असते. धावपट्टीपर्यंत रांगणे, उंची गाठणे, उतरताना वळसा घेऊन पट्टीच्या रेषेत येणे, सगळे त्यात आले. शिवाय लोहगाव हा हवाईदलाचा तळ. प्रवासी विमान तिथे पाहुणे.

दोष निराळाच आहे. या कथेचा नायक लोहगावात जन्मतो आणि चिपीत मोक्षाला जातो. आम्ही राहतो मुळशीतल्या भरे गावात. आमचे कोकण पश्चिमेला, ताम्हिणी उतरले की आलेच. विमानासाठी मात्र कोकणाकडे पाठ करून आधी पूर्वेला जायचे : पिरंगुट, भूगाव, चांदणी चौक आणि पुढे आडवे पसरलेले पुणे. दोन तास धरा. विमानतळावर दोन तास आधी हजेरी. उतरल्यावर सामान, रिक्षा, मालवण : दीड तास. बेरीज सहा तास पस्तीस मिनिटे. छापील त्यातले एक-पाच!

कॉमर्समध्ये याला स्थिर खर्च म्हणतात. दिल्लीला जा नाहीतर चिपीला, भरे ते लोहगाव तेवढेच. प्रवास जवळचा, तेवढा हा बोजा जड. म्हणून जवळच्या दोन विमानतळांमधली खरी वेळ ढगात ठरत नाही, चांदणी चौकात ठरते. मोटारीच्या आठ-नऊ तासांपेक्षा हे बरे, कबूल. पण ते 'बरे' आहे, 'एक तास' नव्हे.

सहलीला जाणाऱ्याचे यात काही बिघडत नाही. पण गावी एकटी आई असलेला मुलगा पहाटे साडेपाचला फोन करतो, "निघालो गं, तासाभराचं तर विमान!" म्हातारी सातपासून खळ्यात खुर्ची टाकून बसते, ती दुपारी बारापर्यंत. त्या पाच तासांची नोंद कुठल्याच खात्यात होत नाही.

पुढच्या आवृत्तीत 'घरापासून' असा एक रकाना वाढवावा, ही नम्र सूचना. जागेची सबब सांगू नये. आमच्या एवढ्याशा पासबुकातसुद्धा जमा आणि नावे दोन्ही बसतात.