कॅमेऱ्याबाहेरचे डॉक्टर

‘सदर्न कम्फर्ट’ शोधायला गेलात तर कदाचित आधी वॉल्टर हिलचा १९८१ चा थरारपट सापडेल. तो नव्हे. मी बोलतोय केट डेव्हिसच्या डॉक्युमेंटरीबद्दल. २००१ साली तिला सनडान्समध्ये ग्रँड ज्युरी पारितोषिक मिळालं.

रॉबर्ट ईड्स हा अमेरिकेतल्या जॉर्जियाचा दाढीवाला, पाइप ओढणारा ट्रान्स पुरुष. संप्रेरकं घेऊन दाढी आली, अंडाशय मात्र शरीरात तसेच होते. तिथेच कॅन्सर झाला. १९९६ मध्ये निदान झालं आणि डझनाहून जास्त डॉक्टरांनी त्याला पेशंट म्हणून घ्यायला नकार दिला. आमच्या इतर पेशंट बायका अवघडतील, हे त्यातलं एक कारण. पुढच्या वर्षी ऑगस्टाच्या मेडिकल कॉलेजात उपचार मिळाले, तोवर रोग पसरला होता. जानेवारी १९९९ मध्ये, वयाच्या ५३ व्या वर्षी तो गेला.

डेव्हिस हे नकार दाखवत नाही. आपण ते फक्त ऐकतो. कॅमेरा वसंतापासून हिवाळ्यापर्यंत रॉबर्टच्या घरी, त्याच्या माणसांत बसून राहतो. लोलावरचं उशिरा आलेलं प्रेम, नातवाची भेट, अटलांटाच्या ट्रान्स संमेलनाला काहीही करून जायची जिद्द. हे सगळं फार सुंदर आहे. मरणाऱ्या माणसाची ‘केस’ होऊ न देणं सोपं नसतं, आणि डेव्हिसला ते जमलंय.

पण त्याची किंमत फिल्म मोजते. एकाही डॉक्टरला कॅमेऱ्यासमोर प्रश्न विचारला जात नाही. मग नकार म्हणजे जणू तिथलं हवामान वाटायला लागतं: वाईट, पण कुणाचाच दोष नसलेलं. आपल्यातला शेवटचा बाईपणाचा अवयवच आपल्याला मारतोय, अशा अर्थाचं रॉबर्ट एकदा बोलतो. हा कडवट विनोद करायचा हक्क त्याचा. फिल्मने मात्र त्यावर विसंबायला नको होतं. अंडाशयाच्या कॅन्सरसाठी पॅप स्मिअरसारखी भरवशाची नियमित चाचणी नाही, त्यामुळे निदानानंतरचा प्रत्येक महिना मोलाचा. ते महिने डॉक्टरांनी घालवले.

आपल्याकडे तर पाटीवरच ‘स्त्रीरोगतज्ज्ञ’ लिहिलेलं असतं. त्या पाटीखाली बसलेल्या दाढीवाल्याला सगळे कुणाचा तरी नवराच समजणार. गर्भाशयमुख असलेल्या ट्रान्स पुरुषालाही तपासणी लागते. टेस्टोस्टेरॉनमुळे कधी नमुना अपुरा ठरतो, म्हणजे त्याच बाकावर पुन्हा येऊन बसणं आलं.

डेव्हिसच्या फिल्ममध्ये मला तो बाक बघायचा होता.